खोक्यावरचं नाव

दुकानदाराने वाय-फाय कार्डाचं खोकं काउंटरवर ठेवलं, तशी निवृत्त ड्राफ्ट्समनसाहेबांनी खिशातली यादी काढली. कंपनी जुळली, मॉडेल जुळलं.

"हेच! याचा ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारा प्रोग्राम, खुला आहे. जगात कुणीही वाचावा, कुणीही दुरुस्त करावा. कॉम्प्युटरमध्ये घातलं की झालं."

"मागच्या दोन्ही कार्डांच्या वेळी हेच म्हणाला होतात," बायको म्हणाली.

दुपारचे अडीच वाजले होते. चारला परदेशातल्या लेकीची पीएच.डी.ची तोंडी परीक्षा होती, ऑनलाइन, आणि आईवडिलांना बघायची परवानगी मिळाली होती. लेकीला मी टीचभर मोबाइलवर बघणार नाही, असं बायकोने बजावलं होतं. आजही मशीन हटून बसलं, तर उद्या भाचा येऊन साहेबांनी जिवापाड जपलेली त्यातली फुकटातली, खुली सिस्टीम पुसून टाकणार होता. साहेबांचा चेहरा मात्र असा, की कार्डाचा शोध यांनीच लावला.

बायकोने खोकं ओढून घेतलं. तिचा जन्म शिवणकामात गेलेला. कपडा बाहेरून कितीही झकास दिसो, उलटा करून शिवण बघितल्याशिवाय बरा म्हणायची नाही. खोक्याच्या तळाशी नखाएवढं लेबल होतं.

"इथे आवृत्ती तीन लिहिलंय. तुमच्या यादीत?"

"एक," साहेब पुटपुटले.

"काकू, सगळं सारखंच असतं हो," दुकानदार म्हणाला. "उलट नवीन म्हणजे जास्त चांगलं."

"मग उघडून दाखवा."

चष्मा कपाळावर सारून साहेबांनी चिपवरचा नंबर वाचला आणि यादीशी ताडून बघितला. नाव तेच, खोकं तेच, आतली चिप मात्र भलत्याच कंपनीची. तिचा ड्रायव्हर त्या कंपनीने कडीकुलपात ठेवलेला. मागची दोन्ही कार्डं का रुसली, ते आत्ता त्यांच्या डोक्यात शिरलं.

"नाव मोठं, लक्षण खोटं," बायको म्हणाली. "आता पहिल्या आवृत्तीचं शोधा."

दुकानदार ओशाळं हसत स्टुलावर चढला. वरच्या फळीवरून त्याने उडालेल्या रंगाचं एक खोकं काढलं. बायकोने तेही उघडायला लावलं. साहेबांनी नंबर वाचला आणि त्यांचा जीव भांड्यात पडला.

साडेतीनला कार्ड टेबलाखालच्या मशीनमध्ये बसलं. साहेबांनी टेबलावर दोन स्क्रू-ड्रायव्हर, टॉर्च आणि कमांडची वही मांडली, बाह्या सरसावल्या आणि बटण दाबलं. मशीनने कार्ड ओळखलं, घरातलं नेटवर्क शोधलं आणि पासवर्ड मागितला. बस्स, एवढंच. साहेबांना आनंद झाला, पण थोडी चुटपुटही लागली. अर्धा तास झटापट करायची तयारी वाया गेली होती.

"आता मी काय करू?"

"बसा." बायकोने शेजारची खुर्ची ओढली.

चारला पडद्यावर परीक्षक आले, मग लेक आली. कागद सारखे करता करता तिची नजर कोपऱ्यातल्या चौकटीवर गेली आणि ती परीक्षा विसरून पुढे झुकली.

"आई, बाबा बरे आहेत ना? आज चक्क खुर्चीत? तुझ्या फोनवर मला दर वेळी त्यांचे टेबलाखालून आलेले पायच दिसतात."