मोजणीचा आठवडा

वाचनकक्ष उघडायला अजून अवकाश होता. थोरलीने पर्स खुर्चीवर टाकली आणि पहिल्याच टेबलावर पसरलेली कोरियन पुस्तकं गोळा करून छातीशी धरली.

विद्यापीठाच्या ग्रंथालयात तिला सगळे थोरली म्हणत. जपानी विभाग तिचा, आणि तो आधीचा. कोरियन विभाग मागाहून आला. तो सांभाळणारी ती धाकटी. दोघींची कपाटं एकाच खिडकीपाशी, समोरासमोर. शिपाई त्यांना जावा म्हणायचा, आणि तोंडावर म्हणायचा.

आता खिडकीपाशी एकीलाच जागा राहणार होती. दुसरीची पुस्तकं तळघरात जाणार, कुणी मागितली तरच वर येणार. ठरवायची रीत साधी होती. वाचकाने पुस्तक वाचून झालं की कपाटात ठेवायचं नाही, टेबलावर सोडायचं. सकाळी स्कॅनर फिरवायचा. टेबलावर सापडलेलं प्रत्येक पुस्तक म्हणजे एक वाचक. मोजणी शनिवारपर्यंत चालणार होती आणि या आठवड्यात स्कॅनर धाकटीकडे होता.

धाकटीची टेबलं पाहुणे नुकतेच उठून गेलेल्या घरासारखी दिसत होती. पुस्तकावर पुस्तक, एका खुर्चीवर कुणाचा तरी विसरलेला स्वेटर. थोरलीच्या टेबलांवर फक्त पुसल्याचे ओले फराटे.

तिने कोरियन पुस्तकं क्रमांक पाहून एकेक जागेवर लावली. लबाडी करतानाही कपाटात पुस्तक वाकडं ठेवणं तिच्या हाताला जमलं नाही.

मग ती आपल्या कपाटाकडे वळली. यातलं एकेक तिने भांडून मिळवलं होतं. म्हाताऱ्या प्राध्यापकांच्या घरी खेटे घालून, त्यांच्या बायकांची बोलणी खाऊन, जिन्यांवरून खोकी स्वतः उतरवून. धाकटीला परदेशातून पेट्या आयत्या यायच्या. वर तिचं नाव सुबक अक्षरात लिहिलेलं असायचं. त्या अक्षराचासुद्धा थोरलीला राग यायचा.

तिने जपानी पुस्तकं टेबलांवर पसरली. एक तिरपं, एक पालथं, एक मधोमध उघडं. उघडं ठेवलेलं मात्र तिची पाठ वळताच हळूच मिटलं. तिने ते पुन्हा उघडून तळव्याने दाबलं. पुन्हा मिटलं. हात न लागलेलं पुस्तक उघडं राहत नाही, हे तिला दुसऱ्या कुणी सांगायला नको होतं.

"जाऊबाईंचं आवरून देताय वाटतं, ताई?" शिपाई दारातून म्हणाला.

"तू तुझे पंखे पूस."

"पुसतो की. आज वारं कुठल्या बाजूचं आहे ते कळायला नको?"

तो गेला आणि धाकटी आली. एका हातात स्कॅनर, दुसऱ्या हाताने केस बांधणं चाललेलं. आपल्या टेबलांपाशी ती थबकली.

"अगंबाई! काल तर बसायला जागा नव्हती इथे."

"टीव्हीवरची कोरियन मालिका संपली असेल एखादी," थोरली म्हणाली. "ओसरतंच ते वेड."

धाकटीने तिच्याकडे पाहिलं, मग आपल्या कपाटाकडे. पुस्तकं ओळीत, कडेला कडा लावून उभी होती. वाचायला येणाऱ्या मुली ती अशी कधी ठेवत नाहीत. ती जपानी टेबलांकडे गेली आणि स्कॅनर फिरवू लागली. टिक. टिक. टिक.

शेवटचं पुस्तक तिने हातात घेऊन उघडलं. जुन्या पद्धतीची बांधणी. पानांच्या कडा अजून जोडलेल्या, सुरीने कापायच्या राहिलेल्या.

"हे कोण वाचत होतं, ताई?"

"होते एक गृहस्थ. वयस्कर."

"पानं न कापता?"

थोरलीने शेजारचं तिरपं पुस्तक सरळ केलं.

"हुशार असणार," धाकटी म्हणाली, आणि तेही मोजलं. टिक.

हिने भांडायला हवं होतं. आवाज चढवायला, वरिष्ठांकडे जायला हवं होतं. थोरलीने रात्रभर उत्तरं जुळवून ठेवली होती. धाकटी स्कॅनर टेबलावर ठेवून खिडक्या उघडायला गेली, चालीत घाई नाही, राग नाही. जिच्याकडे भरपूर आहे तिची चाल.

दार उघडलं. मुली आत आल्या त्या थेट कोरियन कपाटाकडे. थोरलीने लावलेल्या ओळी बघता बघता मोकळ्या झाल्या. धाकटीची टेबलं भरली तेव्हा उरलेल्या मुली जपानी टेबलांकडे सरकल्या. त्यांनी तिथली पुस्तकं एकावर एक रचून बाजूला केली आणि जागा केली. एकीने मात्र जपानी इतिहासाचा जाड खंड परत ओढला, समोर उभा केला आणि आपली कोरियन कादंबरी त्याला टेकवली. कादंबरी छान उभी राहिली. मुलीने दोन्ही हात गालांना लावले आणि वाचू लागली.

थोरली तिच्यापाशी जाऊन उभी राहिली.

मुलगी दचकली. "मॅडम, हे तुमचं का? उचलू?"

थोरलीने खंडाकडे पाहिलं. पलीकडे धाकटी खिडकीपाशी उभी राहून इकडेच पाहत होती.

"राहू दे. फक्त जाताना कपाटात ठेवू नकोस. इथेच सोड."

ती दोन पावलं गेली, थांबली, आणि शेजारच्या मुलीकडे वाकली.

"तुला नको का गं टेकू?"