गजावरची खूण

नेम धरायला हवेत उडवायची मातीची तबकडी. कुवेतमधल्या अब्बासियातून कामगार घेऊन सुटलेली बस. कोकणात भात तुडवणारं रानडुक्कर. बंदूक ठासायच्या लाकडी गजावर एका बाराची खूण: एकच बार भरला की ती नळीच्या तोंडाशी येते. कुवेतच्या नेमबाजी मैदानावर म्हाताऱ्या बू-सालेमच्या ठासणीच्या बंदुकीतला पहिला बार उडालाच नव्हता. गप्पांच्या नादात त्याने त्याच नळीत पुन्हा दारू आणि छर्रे भरले. बाक दुरुस्त करणाऱ्या शत्रुघ्न सुताराला दिसलं, ठासताना गजाची खूण चार बोटं बाहेर राहिली. “बाबा, मत चलाओ! डबल भरा है, नली फटेगी!” “मिस्त्री, तू रंदा मार,” मैदानाचा मॅनेजर हसला, “बंदूक तेरे बाप की है?” तबकडी उडाली, बू-सालेमने बंदूक खांद्याला लावली. शत्रुघ्नने झेपावून बंदुकीच्या ताणलेल्या घोड्याखाली अंगठा घातला. चाप ओढला गेला. घोडा नखावर आपटला, बार उडाला नाही. बू-सालेमने गज पुन्हा नळीत सोडला. खूण बाहेरच राहिली. कोकणात रानडुकरावर अशीच डबल भरलेली बंदूक फुटल्यापासून शत्रुघ्नच्या वडिलांच्या डाव्या हाताला दोनच बोटं होती.