हौसाबाईची मशेरी

मशेरीची डबी कमरेच्या पिशवीत खोलवर सारून हौसाबाई दवाखान्यात शिरली. दर महिन्याला नवले सिस्टर मशेरीचं विचारायची आणि हौसाबाई सांगायची, "ती कवाच सोडली. सा वर्षं झाली." डॉक्टरीणबाईंची बोलणी टळायची. त्यात कुणाचं काय जाणार होतं?

आज प्रेशर मोजून झाल्यावर सिस्टर म्हणाली, "मावशी, तुमची नोंद फार कामाची निघाली हं. मशेरी सोडली तरी प्रेशर उतरत नाही, हे गोळ्या ठरवणारं कॉम्प्युटरचं यंत्र तुमच्यावरून शिकलं. तुमच्यासारखीच तब्येत असलेल्या अकराजणींनी मशेरी सोडलीय, तरी तुमच्यावरून यंत्र त्यांनाही गोळी भारीच देतं."

"आन् ती भारी गोळी बाधली तर?"

"प्रेशर एकदम पडतं. चक्कर येते."

हौसाबाईने पिशवी चाचपली. मग डबी काढून टेबलावर ठेवली.

"लिही. रोज दोन बारी लावते. एक दीस सोडली न्हाई."

सिस्टरने नोंद बदलली. मिनिटभरात पडद्यावर एकेक गोळी हलकी होत गेली.

"दहाजणींची उतरली," सिस्टर म्हणाली.

"मगाशी अकरा म्हनली हुतीस."

सिस्टरने पडद्यावरची यादी खाली सरकवली. "त्यातल्या एक बाई मार्चमध्ये चक्कर येऊन न्हाणीत पडल्या. त्यांची नोंद तिथंच संपलीय."

"नाव काय गं तिचं?"

"नाव दाखवत नाही, मावशी. नुसतं वय येतं. तुमच्याएवढ्याच होत्या."