बसलेला घसा

“बस खाली, जागेश्वर. तुझं इंग्रजी ऐकून बैलं बुजतीन.”

हा आवाज आठवीतला. ‘नाइफ’चं ‘क्नाइफ’ वाचलं म्हणून मास्तर बोलले होते आणि सारा वर्ग हसला होता. ते मास्तर आता नाहीत, तो वर्गही नाही. पण आज सकाळी स्वतःच्याच वर्गाच्या दारात, हातात खडू घेऊन उभ्या असलेल्या जागेश्वर गुरुजींना तो पुन्हा ऐकू आला.

पन्नाशी उलटलेले गुरुजी आंबागडच्या बाजूच्या एका लहान गावात शिकवत. इंग्रजीही शिकवत, पण मराठीतून. क्रियापदाची रूपं फळ्यावर यायची, फळ्यावरून वहीत जायची, वाटेत कुणाच्या तोंडाला म्हणून शिवायची नाहीत. सगळं सुखात होतं. मग तालुक्यावरून फर्मान आलं. इंग्रजीच्या तासाला शिक्षकानं मराठीचा शब्द काढायचा नाही. अधिकारी मॅडम येऊन तास बघतील, ज्याला जमणार नाही त्याचा विषय दुसऱ्याला देतील. विषय गेला असता तर गुरुजींना चाललं असतं. पोरांसमोर अब्रू गेलेली चालणार नव्हती.

म्हणून आज त्यांनी गळ्याला मफलर गुंडाळला होता. ते आत गेले, घशाकडे बोट दाखवलं आणि फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं : घसा बसला आहे. ही युक्ती घरी बायकोला, धुरपताबाईंना, आधीच सांगून झाली होती. तांदूळ निवडता निवडता त्या एवढंच म्हणाल्या होत्या, की घोरताना तं बसत नाही.

घसा बसला, पण तास तर काढायचा होता. गुरुजींनी कोपऱ्यातला झाडू उचलला आणि वर्ग झाडायला लागले. पोरं आधी गोंधळली. मग पहिल्या बाकावरची उर्वशी बोलली, “गुरुजी स्वीप.” गुरुजींनी मान हलवली, आणखी जोरात झाडलं. “गुरुजी इज स्वीपिंग,” उर्वशी म्हणाली. गुरुजींनी झाडूसकट वाकून तिला नमस्कार केला.

तलावाचं तोंड मोकळं केलं की पाणी शेताच्या बांधीबांधीत शिरतं, धानाच्या मुळामुळाला भिडतं. तसं इंग्रजी बाकाबाकांतून शिरलं. गुरुजी बेडूक झाले, पोरं बोलली. गुरुजी बसचे कंडक्टर झाले, पोरं तिकिटावरून भांडली, तेही इंग्रजीत. चुकत होती, पडत होती, उठून पुन्हा बोलत होती. दिवस गेले तरी घसा काही उठेना. गावातून तुळशीचे काढे आले. गुरुजींनी ते मुकाट्यानं प्यायले. दुसरा इलाजही नव्हता.

अन् एक दिवस अधिकारी मॅडम आल्या. रुचिका मॅडम, वयानं गुरुजींच्या मुलीएवढ्या. गुरुजींना काही सुचेना, तेव्हा हातपाय जे जन्मापासून जाणतात तेच त्यांनी केलं. धोतर नव्हतं, पँटच गुडघ्यापर्यंत सारली, रोवणीला वाकतात तसे कमरेत वाकले आणि हवेतली धानाची रोपं मुठीमुठीनं चिखलात खोवत मागं मागं सरकायला लागले.

“गुरुजी इज रोवणिंग!” वर्ग ओरडला.

मॅडमनी इंग्रजीत विचारलं, की हा कुठला शब्द. मागच्या बाकावरचा भुपेंद्र उभा राहिला. त्यानं डोकं खाजवलं, खिडकीबाहेरच्या हिरव्या बांध्यांकडे पाहिलं आणि म्हणाला, “मॅडम, राइस गोज टू न्यू हाउस.”

मॅडमच्या हातातलं पेन थांबलं. मग त्यांनी विचारलं, तुमचे सर का बोलत नाहीत. वर्गाकडे त्याचंही उत्तर तयार होतं. “थ्रोट इज सिटिंग, मॅडम.” कधी उभा राहील, असं मॅडमनी हसू दाबत विचारलं, तर साऱ्या वर्गानं भरवसा दिला, “सून, मॅडम!”

जाताना मॅडम दारात थांबल्या. म्हणाल्या, की सर बोलतात आणि मुलं गप्प बसतात असे वर्ग त्यांनी पुष्कळ पाहिले, हा उलटा वर्ग पहिल्यांदाच पाहिला. पुढच्या महिन्यात तुमसरला तालुक्यातले सारे शिक्षक जमतील. त्यांना ही पद्धत गुरुजींनी स्वतः समजावून सांगावी. अर्थातच इंग्रजीतून.

गाडी गेली. गुरुजी धुळीकडे बघत राहिले. खोट्या घशावर खरी शाबासकी पडली होती, आणि ती माशाच्या काट्यासारखी अडकली होती, गिळता येईना, ओकता येईना. ते वर्गात परतले. मफलर सोडून खुर्चीवर टाकला. आणि इतक्या दिवसांनी आपल्या खणखणीत आवाजात म्हणाले, की पोरांनो, तुमाले एक सांगाचं राहून गेलं. माह्या घशाले...

“मालूम आहे जी आमाले,” उर्वशी उठली. “पहिल्याच दिवशी सांजच्यानं तुमी तलावाच्या पाळीवरून गाईले शिव्या देऊन राहिले होते. आमच्या आंगनात आयकू आलं.”

कुणी हसलं नाही. गुरुजी हळूहळू खुर्चीत बसले. मफलर खाली सरकला, तो कुणी उचलला नाही.

“मंग सांगतलं काहून नाही? अन् त्या मॅडमपुढं एवढं बोलून राहिले होते, ते कायले?”

उर्वशीनं भुपेंद्रकडे पाहिलं. भुपेंद्रनं बाकाकडे. शेवटी तिनंच धीर केला, पण आवाज बारीक झाला, जसा घरातल्या म्हाताऱ्याला काही समजावताना होतो.

“आमाले चुकता येते, गुरुजी. तुमाले येत नाही, म्हनून आमी बोलून राहिलो होतो.”