एकट्यानं केमला

माझ्या वडिलांना, आण्णांना, सोलापूरहून केम गावाला एकट्यानं गाडी चालवत जायचं असतं. "संगं माणूस कशाला? मी काय ल्हान हाय व्हय?" पण गुडघा गेला आणि त्यांच्या जुन्या फियाटचा ब्रेक दाबायला पायात जोर उरला नाही. म्हणून मी हलके चालणारे डिस्क ब्रेक बसवून घ्यायचं ठरवलं.

ब्रेक बसले, तर जुनी चाकं त्यांना अडायला लागली. मोठी चाकं आणली, तर ती वळताना मडगार्डला घासायला लागली. शेवटी मिस्त्रीनं गाडीच उंच करून दिली. पावसाळ्यापासूनचे माझे सगळे रविवार त्या गॅरेजात गेले.

काल गाडी दारात आली. आईनं चाकांखाली लिंबं ठेवली. आण्णांनी दार उघडून पाय उचलला, पण तो आत पोचेचना. आईनं स्वयंपाकघरातला पाट आणून खाली ठेवला. त्यावर पाय देऊन आण्णा चढले, ब्रेक दाबून बघितला आणि खूश झाले. "लई मऊ हाय की गं!"



आज ते केमला निघालेत. शेजारी मी बसलेय, मांडीवर पाट घेऊन.