श्रीरंग लिहीत आहे

"श्रीरंग लिहीत आहे," कानातला आवाज म्हणाला आणि थांबला. पुन्हा, "श्रीरंग लिहीत आहे." पुन्हा थांबला. रोज भडाभडा लिहिणारा श्रीरंग आज अडखळत होता.

मला दिसत नाही, स्क्रीन रीडर वाचेल तेवढंच कळतं. लग्नाच्या या साइटवर नवा मेसेज आला तरी पूर्वी तो चकार शब्द काढायचा नाही. साइटवाल्यांशी कडाकडा भांडले, तेव्हा कुठे त्याला वाचा फुटली.

अखेर मेसेज आला. "जेवलात?"

"एवढ्यासाठी इतक्यांदा खोडलंत?" मी लिहिलं.

"तुम्हाला कळतं?"

"सगळं ऐकू येतं."

मग मात्र त्याने एका दमात लिहिलं, "लग्न कराल माझ्याशी?"

मी लगेच "हो" लिहिलं आणि खोडलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा खोडलं. त्याला "लिहीत आहे" दिसतंय ना? बसू दे बघत.