दहा मिनिटं खातं बंद

"शेजारे जाय. बळीरामले सांग, दहा मिनिटं खातं बंद ठेव," सुकलाल म्हणाले.

वर्षाला वाटलं, वडील थट्टा करताहेत. भिंतीपलीकडच्या खात्यात, म्हणजे यंत्रमागांच्या कारखान्यात, चोवीस माग धडधडत होते. फळीवरचा स्टीलचा पेला नेहमीसारखा बारीक किणकिणत होता.

ती त्यांच्यासमोर आली आणि आवाज न काढता नुसते ओठ हलवून म्हणाली, "कसाले आबा? आवाज तर वायरमाईन जाई. बाहेरना आवाज यामा येत नही."

मागावर काम करणारी माणसं अशीच बोलतात. चाळीस वर्षांत मागांनी सुकलालांचे कान नेले होते, ओठ वाचायची सवय तेवढी ठेवली होती.

"माले माहीत शे," ते म्हणाले. "तू जाय."

टेबलावर दोन यंत्रं शेजारी-शेजारी होती. एक साधा कॅसेट डेक, आवाजाची पातळी दाखवणाऱ्या दोन काट्यांचा. दुसरं जुनं यंत्र, चार आवाज वेगवेगळे कमी-जास्त करायच्या चार सरकपट्ट्यांचं, फीत दुप्पट वेगाने पळवणारं, एका ऑर्केस्ट्रावाल्याकडून घेतलेलं. त्याचा आतला रबरी पट्टा सुकलालांनी सकाळीच गरम पाण्यात उकळून पुन्हा बसवला होता. एक गाणं निघालं तर निघालं, असा त्याचा जीव.

संध्याकाळी वर्षाच्या मुलीची, प्रियांकाची हळद होती. आणि गाणं होतं वर्षाच्या हळदीचं. सुरतेत प्लेग आला त्या साली, चौऱ्याण्णवला, तिचं लग्न झालं, तेव्हा गावाकडून एकही बाई इकडे यायला धजली नव्हती. हळदीचं गाणं एकटीने म्हणायचं कसं? मग तिच्या आईने, उषाबाईंनी, ते चार वेळा म्हटलं. एकदा स्वतःच्या आवाजात, एकदा थोरल्या जावेच्या जाड्या आवाजात, एकदा नणंदेच्या बारीक, एकदा सुकलालांच्या आत्याच्या घोगऱ्या. सुकलालांनी याच चार पट्ट्यांच्या यंत्रावर चौघींना एका कॅसेटवर बसवलं.

मागच्या आठवड्यात वर्षाने ती कॅसेट सरळ डेकमध्ये घातली होती. दोनच बायका गायल्या, त्याही पुरुषांसारख्या, रेंगाळत. बाजू पालटली तर उरलेल्या दोघी उलट्या गाऊ लागल्या. कॅसेट गेली म्हणून ती रडायला बसली. सुकलाल हसले होते. "बिघडनी नही. चार बाया शेतस, डेकले दोनच दिसतस. वाटणी माले करनी पडी."

म्हणून आज चौघींना साध्या डेकच्या नव्या कॅसेटवर एकत्र उतरवायचा हा खटाटोप. कान असलेल्या कुणाला तरी बोलवू, असं वर्षाने दोनदा सुचवलं होतं. पलंगावर बसलेल्या उषाबाई तर उघडच म्हणत होत्या, "मी हाका मारी मारी थकनू, ते यास्ले आयकू येत नही. आन चाल्ले गाणं जमाडाले!"

वर्षा खात्यात गेली. दारातच तिला लाज वाटली. बळीराम मुकादमाने तिचं बोलणं ऐकून घेतलं आणि डोकं खाजवलं.

"ताई, माग थांबवून चालू केला की कापडात आडवी रेघ पडते. चोवीस मागांवर चोवीस रेघा. शेठ विचारंल."

"मी सांगितलं आबांना. ते ऐकत नाहीत."

"थांबा. सुकलाल मास्तरांनी सांगितलंय का?"

"हो."

"मग आधी तसं सांगायचं ना," बळीराम म्हणाला आणि त्याने हात वर केला.

ती घरी पोचेपर्यंत एकेक माग थांबत गेला. शेवटचा थांबला तेव्हा गल्लीतली कुत्रीसुद्धा उठून बसली. फळीवरचा पेला गप्प झाला. सुकलाल त्या पेल्याकडेच बघत होते. त्यांनी मान हलवली.

त्यांनी डेकला जोडलेल्या स्पीकरवरचं कापड काढलं आणि डाव्या हाताची बोटं आतल्या कागदावर टेकवली. याच बोटांनी ते मागाच्या सांगाड्याला हात लावून सांगत, की आता याचा धागा तुटणार. उजवा हात चार पट्ट्यांवर. नजर डेकच्या काट्यांवर.

गाणं सुरू झालं.

"आत्या जास्तच वरडी ऱ्हायनी—" उषाबाई बोलायला गेल्या. त्याआधीच सुकलालांनी आत्याची पट्टी खाली ओढली होती. जावेला त्यांनी थोडं मागे बसवलं. नणंदेचा बारीक आवाज बोटांना सापडेना, तेव्हा त्यांनी कागदाच्या कडेला नख लावलं, डोळे मिटले आणि तिची पट्टी हळूहळू वर घेतली. एवढीशी. मग आणखी एवढीशी.

उषाबाईंनी तोंडावर पदर धरला.

दारात माणसं जमली होती. खात्यातले कारागीर, केसांत कापसाचा भुगा असलेले. बळीरामाने आत डोकावून वर्षाला हळूच विचारलं, "किती बायका बसल्यात आत?"

"एकच," वर्षा म्हणाली.

गाणं संपता संपता जुन्या यंत्राचा रबरी पट्टा कण्हू लागला. शेवटची ओळ निघाली आणि तो तुटला. सुकलालांनी ते यंत्र बंद केलं. डेकमधली नवी कॅसेट मागे घेतली आणि लावली.

साध्या डेकमधून चौघी एकत्र गायल्या. एकीने दुसरीला झाकलं नाही. सुकलालांची बोटं अजून कागदावरच होती. वर्षा त्यांच्या शेजारी बसली आणि तिनेही आपली बोटं तिथे टेकवली.  

बाहेर बळीरामाने हाताने खूण केली आणि कारागीर खात्यात परतले. एक माग सुरू झाला, मग दुसरा, मग सगळे. फळीवरचा पेला पुन्हा किणकिणू लागला. गाणं चालूच होतं.

कागदात आता मागांचीच थरथर होती. सुकलालांनी बोटं उचलली.

"बस," ते म्हणाले. "आते माले काही आयकू येत नही."